‘मी सगळ्या स्टेप्स सांगतो, तरी बहिणीला बीजगणित जमत नाही’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरूनच कॉलेजला अपडाऊन करतो. धाकटी बहीण दहावीत आहे, मराठी मीडियम, स्टेट बोर्ड. सहामाहीत तिला गणित भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात, ४० पैकी १३ मिळाले म्हणून दिवाळीनंतर तो रोज रात्री जेवणं झाली की तिला शिकवायला बसतो. प्रत्येक गणित तो स्वतः वहीत सगळ्या स्टेप्ससकट करून दाखवतो, ती ‘कळलं’ म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित आकडे बदलून दिलं की अडकते. ‘−३एक्स = १२’ वरून तिने ‘एक्स = १५’ काढलं. दोन नाणी उडवल्यावर किमान एक छापा येण्याची संभाव्यता तिने २/३ लिहिली, याने ती खोडून ३/४ केली. तिने ‘पण २/३ का नाही?’ विचारलं तर याने सांगितलं, ‘पेपरात का विचारत नाहीत, सूत्र लिही.’ त्यावरून भांडण झालं, ती रडली, आता आई म्हणते हिला एखादा क्लास लावू, फी परवडणारी नाही पण बघू. त्याचा प्रश्न असा की तिचं लक्षच नाही का तिला गणिताचं डोकंच नाही, आणि मी शिकवणं सोडून द्यावं का?

प्रिय मित्रा,

रोज कॉलेज, प्रवास, स्वतःच्या सबमिशन्स सांभाळून रात्री बहिणीला घेऊन बसतोस हे वाचून खरंच खूप बरं वाटलं, असे भाऊ फार कमी बघितलेत मी. पण तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू अगदी जाता जाता, एका ओळीत लिहिली आहेस, ती म्हणजे तिचा ‘२/३ का नाही?’ हा प्रश्न. लक्ष नसलेली मुलगी हा प्रश्न विचारत नाही रे. लक्ष नसलं की मुलं खोडलेलं उत्तर गुपचूप उतरवून घेतात आणि कधी एकदा उठतोय असं करतात. ती तिथे थांबली, तिला तिचं उत्तर बरोबर वाटत होतं आणि ते चूक का हे तिला समजून घ्यायचं होतं. त्यामुळे लक्ष आणि डोकं हे दोन्ही मुद्दे आधी बाजूला ठेवूया.

तिने २/३ कसं काढलं असेल बघ. दोन नाणी उडवली की छापे किती येतील, शून्य, एक किंवा दोन. झाल्या तीन शक्यता, त्यातल्या दोनमध्ये किमान एक छापा आहे, म्हणजे २/३. सूत्र तर तिने बरोबरच वापरलंय, घटनेतले घटक भागिले नमुना अवकाशातले (म्हणजे सगळ्या शक्यतांच्या यादीतले) एकूण घटक, चूक झालीये ती नमुना अवकाशात, कारण या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. आणि तू तिला परत सूत्रच सांगितलंस, जे तिला येतच होतं. तुला माहितीये का, द’अलांबेर नावाचा फ्रान्सचा मोठा गणिती, त्या काळातल्या प्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोशाचा सहसंपादक, त्याने १७५४ साली त्याच ज्ञानकोशात याच प्रश्नाचं उत्तर २/३ असायला हवं असं मांडलं होतं. त्याचं कारण थोडं वेगळं होतं, पहिल्यांदाच छापा आला तर दुसऱ्यांदा उडवायची गरजच काय, म्हणून त्याने छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता धरल्या. पण गल्लत तीच, ज्या शक्यता सारख्या नाहीत त्या सारख्या धरून मोजणं. हे तिला जरूर सांग, तिचा प्रश्न वेडगळ नव्हता हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

मग एक रुपयाचं एक नाणं घे आणि पाच रुपयाचं एक घे. मुद्दाम वेगवेगळी घे, इथेच सगळी मेख आहे. तिला म्हण, रुपयावर छापा आणि पाचवर काटा हे एक, आणि रुपयावर काटा आणि पाचवर छापा हे दुसरं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का एकच? नाणी वेगळी दिसली की वेगळ्या आहेत हे तिला लगेच पटतं, मग चार शक्यता ती स्वतः लिहिते. तरी पटलं नाही तर दोघं मिळून साठेक वेळा नाणी उडवा आणि ‘एक छापा एक काटा’ किती वेळा आलं त्याच्या रेघा मारा. तिच्या हिशोबाने ते विसाच्या आसपास यायला हवं, तुझ्या हिशोबाने तिसाच्या. अगदी बरोबर तीस येणार नाही, २७ येईल, ३४ येईल, पण कोणाच्या बाजूने चाललंय ते दिसतं. दहा-पंधरा मिनिटं जातील फक्त, आणि फाशांची गणितं पण याच्यातूनच सुटतात, दोन फाशांवर (१, २) आणि (२, १) वेगळे का मोजायचे आणि (१, १) एकदाच का, हे मुलांना वर्षभर छळणारं कोडं आहे. एक फासा लाल आणि एक पांढरा घेतला की छत्तीस जोड्यांचा तक्ता ती स्वतः आखेल.

आता −३एक्स = १२ कडे येऊ. तू लिहिलंयस ‘इतकं सोप्पं पण चुकलं, एक्स = १५ कसं येऊ शकतं’. मला विचारशील तर ते तुझ्यामुळे, म्हणजे आपण सगळे जे सर्रास सांगतो त्या नियमामुळे आलंय. पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, मायनसचं प्लस होतं, हेच सांगितलं असशील ना? तिने मायनस तीन पलीकडे नेला, त्याचा प्लस तीन झाला, १२ + ३ = १५. नियम अगदी जसाच्या तसा पाळला पोरीने! तो तीन एक्सला गुणलेला आहे, मिळवलेला नाहीये, हे त्या नियमात कुठेच नव्हतं. काही मुलं तिथे भागतात पण चिन्हही बदलतात आणि १२/३ = ४ लिहितात, ते पण त्याच नियमाचं पोर.

म्हणून ‘पलीकडे ने’ हा शब्द निदान महिनाभर तुमच्या दोघांच्या बोलण्यातून काढून टाक. त्याऐवजी दोन्ही बाजूंना काय केलं ते प्रत्येक ओळीशेजारी लिहायचं. −३एक्स = १२, शेजारी लिहायचं ‘दोन्ही बाजूंना −३ ने भागलं’, मग एक्स = −४. आणि लगेच परत घालून बघायचं, −३ गुणिले −४ म्हणजे १२, आलं. १५ घालून बघितलं असतं तर −४५ आलं असतं आणि तिची चूक तिलाच सापडली असती, तुला खोडायला लागलीच नसती. किंमत परत घालून बघणं ही सवय तिला लागली ना, तर अर्ध्या चुका ती स्वतःच पकडेल, आणि चूक स्वतः पकडलेली मुलगी रडत नाही, दादाने लाल पेनाने खोडलेली रडते. एकसामयिक समीकरणांत तर ही सवय सोन्यासारखी आहे, पण किंमती दोन्ही समीकरणांत घालून बघायच्या, मुलं एकातच घालतात आणि खूश होतात.

मला तुझ्या पद्धतीतली खरी अडचण ‘मी सगळ्या स्टेप्स सांगतो’ या वाक्यात दिसते. स्टेप्स तुझ्या आहेत, पेन तुझ्या हातात आहे, ती बघतेय. बघताना सगळं कळतं, त्यात ती खोटं बोलत नाहीये, तिला खरंच कळलेलं असतं. पण पुढची ओळ काय लिहायची हा निर्णय तिने एकदाही घेतलेला नसतो, सगळे निर्णय तू घेतलेले असतात. शेजारी बसून दुसऱ्याला गाडी चालवताना बघून कोणाला ड्रायव्हिंग येत नाही, तसंच आहे हे.

त्यामुळे पहिली गोष्ट, पेन तिच्या हातात. तू एकही ओळ लिहायची नाहीस, प्रश्नच विचारायचे. समज असं गणित आहे की एका आयताकृती प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर आहे, तर लांबी-रुंदी काढा. तुझा हात लगेच ‘रुंदी एक्स मानू’ लिहायला जाईल, तो आवर. आधी तिला विचार, समज रुंदी १० असली तर लांबी किती? १५. मग क्षेत्रफळ? १५०, कमी पडलं. बरं १२ घेऊन बघ, १२ गुणिले १७ म्हणजे २०४, अजून कमी. इथपर्यंत तिने दोन-तीनदा केलं की तिच्या लक्षात येतं की दरवेळी मी एकच काम करतेय, रुंदी घेतली, त्यात पाच मिळवले आणि दोन्हीचा गुणाकार केला. मग म्हण, आता १२ च्या जागी एक्स लिही आणि तेच काम कर. एक्स(एक्स + ५) = ३०० तिच्या हातून आपोआप उतरतं. शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत अशी ज्या मुलांची तक्रार असते त्यांच्यापैकी बहुतेकांना समीकरण सोडवता येत असतं, ते मांडता येत नसतं, आणि मांडणी ही अशी साध्या आकड्यांवरूनच येते, ‘मानू’ या शब्दावरून येत नाही. (कधी कधी आकडे घेता घेता १५ वर उत्तर सापडूनच जातं. सापडू दे, हुरूप येतो. पण समीकरण मांडायला लाव, पेपरात त्याचेच मार्क आहेत.)

पुढे काय होईल तेही सांगून ठेवते, म्हणजे तू चिडणार नाहीस. ती लिहील एक्स = ३०० किंवा एक्स + ५ = ३००. कारण तू तिला दाखवलेलं असतंस की दोन कंसांचा गुणाकार शून्य असला की एक कंस शून्य किंवा दुसरा शून्य, मग ३०० असला तर एक कंस ३०० का नाही? तू चूक म्हणून खोडू नकोस, विचार, दोन संख्यांचा गुणाकार ३०० आहे, त्या कोणत्या असतील? ती सांगेल १० आणि ३०, ६ आणि ५०, २ आणि १५०, कितीतरी. आणि गुणाकार शून्य असेल तर? तर त्यातली एक शून्य असलीच पाहिजे, सुटकाच नाही. म्हणून सगळं एका बाजूला घेऊन दुसरीकडे शून्य ठेवतात. हे एकदा तिच्या तोंडून आलं की अवयव पद्धत तिला आयुष्यभर विसरता येणार नाही. मग एक्स वर्ग + ५एक्स − ३०० = ०, गुणाकार −३०० आणि बेरीज ५ येणाऱ्या संख्या २० आणि −१५, म्हणून (एक्स + २०)(एक्स − १५) = ०, एक्स = −२० किंवा १५. इथे थांबून तिला विचार, दोन उत्तरं आली, दोन्ही चालतील का? रुंदी उणे नसते म्हणून −२० सोडून दिलं, ही ओळ लिहायचीच, आणि शेवटी रुंदी १५ मीटर, लांबी २० मीटर, एककासकट. कितीतरी मुलं एक्स = १५ वर पेन खाली ठेवतात आणि लांबी लिहायची राहूनच जाते.

‘पेपरात का विचारत नाहीत’ हे तुझं म्हणणं पण पूर्ण खरं नाही हं. बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा, दोन तासांचा. त्यात प्रश्न २ आणि ३ मध्ये ‘कृती पूर्ण करा’ असतं, म्हणजे उदाहरण अर्धवट सोडवून चौकटी मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या भरायच्या, त्याचे मिळून सात मार्क आहेत. दुसऱ्याने लिहिलेल्या दोन ओळींच्या मध्ये काय झालं असेल हे ज्याला कळतं त्याला ते सात मार्क मिळतात, पाठांतरवाला तिथे अडतो, कारण त्याच्या पाठ स्टेप्स आणि पेपरातल्या स्टेप्स जुळत नाहीत. आणि चौथा-पाचवा प्रश्न मिळून अकरा मार्कांचे, त्यात नेहमीच्या सरावसंचातल्यापेक्षा जरा विचार करायला लावणारी गणितं असतात. म्हणजे ‘का’ कळण्यावर चांगले मार्क अवलंबून आहेत.

पाठ काही करायचंच नाही असं मी म्हणत नाही. ३० पर्यंतचे वर्ग, विस्तारसूत्रं, श्रेढीची दोन्ही सूत्रं, पत्त्यांच्या कॅटमध्ये ५२ पत्ते, चार रंगांचे तेरा-तेरा, चित्रांचे बारा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. पत्त्यांचं तर हल्ली मुद्दाम सांगावं लागतं, बऱ्याच घरात पत्ते खेळतच नाहीत, मग इस्पिक काळं का लाल हेच मुलांना माहीत नसतं आणि संभाव्यतेचं सोपं गणित हातचं जातं. एक कॅट आणून दे तिला, चार दिवस खेळा दोघं.

वर्गसमीकरणाचं सूत्र तेवढं कोरडं पाठ करायला लावू नकोस, एकदा आकड्यांवर करून बघू दे. २एक्स वर्ग − ७एक्स + ३ = ० घ्या. दोन्ही बाजूंना ८ ने, म्हणजे एक्स वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, १६एक्स वर्ग − ५६एक्स + २४ = ०. आता २४ घालवून ४९, म्हणजे ७ चा वर्ग, दोन्ही बाजूंना मिळवा, डावीकडे (४एक्स − ७) चा पूर्ण वर्ग तयार झाला आणि उजवीकडे ४९ − २४ = २५. म्हणून ४एक्स − ७ हे ५ किंवा −५, आणि एक्स ३ किंवा १/२. चौपटीने गुणायची ही युक्ती आपल्या श्रीधराचार्यांची, भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी दिलेली, अपूर्णांकांची कटकटच येत नाही तिच्यात. तो २५ म्हणजेच विवेचक, सूत्रात वर्गमुळाखाली असतो तो आकडा, हे तिला दिसलं की सूत्र पाठ करायला पाच मिनिटं लागतील.

वेळेचं सांगते. रात्री जेवणानंतर तू दमलेला, ती दमलेली, त्यात भांडणं होणारच. जमलं तर सकाळी पंचवीस-तीस मिनिटं बसा, नाही जमलं तर रात्रीच बसा पण तीनच गणितं घ्या. एक कालचंच आकडे बदलून, एक नवीन, आणि एक ज्यात तू मुद्दाम एक चूक करून ठेवलीयेस आणि तिने ती शोधायची. हे तिसरं फार आवडतं मुलांना, विशेषतः दादाची चूक शोधायला. ती अडकली की लगेच तोंड उघडू नकोस, मनात वीस आकडे मोज. शांतता सहन होत नाही आपल्याला, पण त्या वीस सेकंदांतच ती विचार करत असते. आणि उत्तर बरोबर आलं तरी अधूनमधून विचार, ‘ही ओळ कशी आली गं?’ फक्त चुकल्यावरच विचारलंस तर ‘कशी आली’ म्हटलं की ती घाबरून खोडरबर उचलेल.

हे पत्र वाचणाऱ्या ज्या आईवडिलांना स्वतःला बीजगणित येत नाही त्यांनाही हे करता येतं बरं का. मुलाने एक ओळ लिहिली की ‘वरच्या ओळीवरून ही कशी आली, मला सांग’ एवढंच विचारायचं, आणि उत्तर आल्यावर ते परत घालून दाखवायला सांगायचं, डावी-उजवी बाजू सारखी आली का एवढं तर कोणालाही दिसतं. फोटो काढला की स्टेप्ससकट उत्तर देणारी अॅप्स आणि गाईड, यावर पण बरीच पत्रं येतात. ते हिसकावून घेऊन काही होत नाही, वापरायची पद्धत बदला. उत्तरावर कागद ठेवायचा, पुढची ओळ आधी स्वतः वहीत लिहायची, मग कागद एक ओळ खाली सरकवून ताडून बघायची. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं पण अशीच झाकून सोडवायची, पुस्तकाचं पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं.

आता क्लासचं. आईला सांग की घाईने पैसे भरू नकोस, महिनाभर थांब. हा महिना वरच्या पद्धतीने जाऊ दे, आणि दर शनिवारी तिचा एक छोटा पेपर घे, दहा-बारा मार्कांचा, घड्याळ लावून. ४० मार्कांना १२० मिनिटं म्हणजे मार्काला तीन मिनिटं, त्या हिशोबाने. मार्क वाढतायत का ते बघच, पण त्यापेक्षा चुका कुठल्या आहेत ते बघ, आकडेमोडीच्या, मांडणीच्या का कल्पनेच्या, आणि तिलाच वहीच्या मागच्या पानावर त्या लिहायला सांग. पासिंगची भीती असेल तर तीही जरा कमी कर, बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २० असे मिळून शंभरात ३५ लागतात, एकट्या बीजगणितावर सगळं अडलेलं नाहीये. शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना पण एकदा भेट, तिचा सहामाहीचा पेपर घेऊन जा, मार्क कुठे गेले ते त्यांना पाच मिनिटांत दिसेल.

एक मात्र तिला स्वतःला विचार, दादाकडे शिकायचंय का. खरं उत्तर मिळू दे, ‘नाही’ आलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. काही घरांमध्ये भावाबहिणीचं नातं आणि शिकवणी एकत्र चालत नाही आणि त्यात दोघांचंही काही चुकत नाही. तसं असेल तर क्लास लावा, पण शंभर पोरांच्या बॅचला नको, जिथे दहा-पंधराच मुलं आहेत आणि सर वही तपासतात असा शोधा. आठवडाभर डेमोला बसू देतात का विचारा, फी हप्त्याने चालेल का तेही स्पष्ट विचारा, बरेच जण हो म्हणतात. आणि डेमोवरून आली की सरांनी किती गणितं घेतली ते विचारू नकोस, तिने स्वतः किती सोडवली आणि अडल्यावर प्रश्न विचारता आला का, तेवढं विचार. ‘सर फळ्यावर करतात, आम्ही उतरवतो’ असं म्हणाली तर पैसे वाचवा आणि दुसरा क्लास बघा.